जांभळं की पांढरं? प्रेअरी क्लोव्हर ओळखताना दरवर्षी होणारा घोळ

तक्रार तीन रूपांत येते. जूनमधली अशी: मागच्या वर्षी अंगणातल्या पट्ट्यात जांभळं आणि पांढरं अशी दोन्ही प्रेअरी क्लोव्हरं (अमेरिकेतल्या प्रेअरीची, म्हणजे गवताळ माळांची, रानफुलझाडं) लावली, नावाच्या पाट्या बर्फात गेल्या, आणि आता सगळीकडे सारखेच हिरवे झुबके. कुठलं कोणतं? सप्टेंबरातली अशी: बी गोळा करायला गेलो, तर सगळी कणसं एकजात तपकिरी. आणि तिसरी, जरा चढ्या आवाजातली: फूल जांभळंच आहे हो, पण पान पुस्तकातल्यासारखं नाही, म्हणजे मला काहीतरी दुर्मीळ सापडलंय का?

मी शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलजवळ राहते. सहा वर्षं झाली, शनिवारी सकाळी एका प्रेअरीवर तण उपटायला आणि बी गोळा करायला जाते. या तिन्ही चुका मी स्वतः केल्या आहेत, त्यातली एक दोनदा.

घाईत असाल तर एवढंच करा: फुलाचा रंग सगळ्यात शेवटी बघा. आधी दांड्याच्या मधोमध असलेल्या एका पानाच्या पर्णिका (एका पानातली छोटी-छोटी पानं) मोजा आणि त्यांची रुंदी बघा. मग भिंगाखाली फुलाच्या बुडाची हिरवी वाटी बघा, ती केसाळ आहे की टकली. इलिनॉयमधली बहुतेक भांडणं इथेच मिटतात. न मिटणाऱ्यांसाठी पुढचं सगळं.

नावापासूनच घोळ

क्लोव्हर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बरसीम येतो. बरसीम खरोखरच क्लोव्हर आहे, तीन-तीन पानांचा. प्रेअरी क्लोव्हर त्याच शेंगावाल्या कुळातलं, पण वेगळ्या घरातलं. पान तीन पर्णिकांचं नसतं (क्वचित जांभळ्यात असतं, त्याबद्दल पुढे), फूल गोल गेंदासारखं नसतं, आणि मूळ सरळ खाली जाणारं सोटमूळ असतं, पाच-सहा फूट सहज. त्यामुळे "उपटून बघू या" हा मार्ग बंद. उपटलं तर वरचा भाग हातात येतो आणि झाड मरतं.

या नावापायी मी पहिल्या वर्षी क्लोव्हरचं रायझोबियम (मुळात राहून झाडाला नत्र पुरवणारा जिवाणू) आणून बियाला चोळलं होतं. सासूबाई तेव्हा वाईहून आल्या होत्या. पाकीट हातात घेऊन म्हणाल्या, "अगं, हरभऱ्याचं सोयाबीनला चालत नाही, मग हे कसं चालेल?" बरोबर होतं त्यांचं. प्रेअरी क्लोव्हरला त्याच्या गटाचा जिवाणू लागतो, तो देशी बियाणं विकणारे मागितला की देतात. शेती केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, मला लागलं.

शास्त्रीय नावात आणखी एक खड्डा आहे. या प्रजातीचं नाव डेलिया. आपल्याकडे डेलिया म्हणजे गणपतीच्या मागेपुढे बाजारात येणारं ते ताटलीएवढं, थरांवर थर असलेलं फूल. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. ते फूल स्वीडिश आंद्रेस डालच्या नावावरून, हे सॅम्युएल डेल (१६५९–१७३९) या इंग्रज वैद्याच्या नावावरून. मराठीत लिहिलं की दोन्ही एकच. आईला फोनवर "मी डेलिया लावलाय" म्हणून सांगितलं, तर ती दोन वर्षं फोटोची वाट बघत होती.

तुमच्याकडे जुनं मार्गदर्शक पुस्तक असेल तर त्यात डेलिया सापडणारच नाही. तिथे नाव असेल पेटॅलोस्टेमम किंवा पेटॅलोस्टेमॉन. आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाच्या १८०३ सालच्या ग्रंथातलं हे नाव. अर्थ पाकळी-केसर: या फुलात पाच पुंकेसर असतात आणि पाचांपैकी चार पाकळ्या त्या केसरांच्या नळीच्या काठावरच उगवतात, केसर-पाकळी-केसर-पाकळी अशा. १९७७ साली रूपर्ट बार्नबी यांनी या सगळ्या गोतावळ्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि पेटॅलोस्टेमम डेलियात घातलं. म्हणून पुस्तक एक सांगतं आणि फोन दुसरं. दोन नावं दिसली की दोन झाडं समजू नका. जांभळं म्हणजे डेलिया पर्पुरिया, पांढरं म्हणजे डेलिया कँडिडा.

पान कोणतं आणि पर्णिका कोणती

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि उपाय फ्रिजमध्ये आहे. कढीपत्त्याची डहाळी काढा. आपण ज्याला कढीपत्त्याचं "पान" म्हणून फोडणीत टाकतो, ती खरं तर पर्णिका. सबंध डहाळी, मधल्या काडीसकट, हे एक पान. ओळखायचं असं: काडी जिथे झाडाच्या फांदीला चिकटते तिथे, बगलेत, कोंब असतो. कुठल्याही छोट्या पानाच्या बगलेत कोंब नसतो. आणि तीच पर्णिका उजेडाकडे धरली तर बारीक ठिपके दिसतात, सुगंधी तेलाचे. प्रेअरी क्लोव्हरलाही पर्णिकेच्या खालच्या अंगाला असेच ठिपके असतात. कुळ वेगळं, पण खूण तीच, आणि चुरगाळल्यावर वास येतो तोही त्यातूनच.

आता अंगणात जा. झाडाच्या शेंड्याचं पान घेऊ नका, ते लहान असतं. अगदी खालचं घेऊ नका, ते गळायला आलेलं असतं. दांड्याचे तीन भाग कल्पून मधल्या भागातलं एक पूर्ण पान निवडा.

जांभळ्यात पर्णिका बहुधा पाच, कधी तीन, कधी सात. प्रत्येक पर्णिका बारीक, दोनेक सेंटिमीटर लांब आणि जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंद. कडा वर वळून पन्हळीसारखी होते, त्यामुळे लांबून शेवयाच चिकटवल्यासारख्या दिसतात. पांढऱ्यात बहुधा सात, पाच ते नऊपर्यंत. पर्णिका सपाट, तीन सेंटिमीटरपर्यंत लांब, आणि रुंदी तीन ते सहा मिलिमीटर. स्पर्शालाही फरक कळतो: पांढऱ्याचं पान बोटांत पान वाटतं, जांभळ्याचं काड्यांचा झुपका.

लक्षात आलं असेल की आकडे एकमेकांवर चढतात. पाच दोन्हींत येतं, सातही येतं. म्हणून नुसतं मोजून निकाल देऊ नका, मोजणी आणि रुंदी दोन्ही जुळल्या पाहिजेत. पाच पर्णिका आणि त्या रुंद-सपाट, तर ते पांढरं आहे, पाच हा आकडा विसरा.

आता माझी फजिती. जांभळ्या प्रेअरी क्लोव्हरची एक खोड अशी, की पानाच्या बगलेत आणखी छोट्या पानांचा घोस येतो. मोठं पान आणि हा घोस मिळून एकच भरगच्च पान असल्यासारखं दिसतं. दुसऱ्या वर्षी मी असं एक "पान" तोडून तेरा पर्णिका मोजल्या आणि शनिवारच्या गटात छाती पुढे काढून सांगितलं की माझ्या अंगणात दुर्मीळ जात उगवली आहे. आमच्या गटात एक निवृत्त शाळामास्तरीण आहेत. त्यांनी माझ्या हातातून काडी घेतली, नखाने बगलेतला घोस अलगद बाजूला केला, आणि राहिलेलं पान माझ्या तळहातावर ठेवलं. पर्णिका पाच. काही बोलल्या नाहीत. रात्री घरी हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "कढीपत्ता निवडायला लावते हो मी तुला उद्यापासून." वरचा कढीपत्त्याचा धडा तिथून आला.

तेव्हा मोजण्याआधी घोस काढा. ही एक पायरी सोडली तर पुढचं सगळं चुकतं.

सशांनी किंवा हरणांनी कुरतडलेली झाडं मोजायला घेऊ नका. ससे यावर तुटून पडतात. खाल्लेल्या दांड्याला बाजूने फुटवे येतात आणि त्यांची पानं लहान, कमी पर्णिकांची असतात. शेजारचं न खाल्लेलं झाड शोधा.

भिंग काढा

दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, सोनार वापरतात तसलं. माझं वाईच्या बाजारातून आलेलं आहे. धरायची पद्धत बहुतेकांची उलटी असते: भिंग झाडापाशी नेतात आणि डोळा लांब ठेवतात. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवा आणि कणीस उचलून भिंगापाशी आणा, नजर स्थिर होईपर्यंत.

प्रेअरी क्लोव्हरचं कणीस लहानशा मक्याच्या कणसासारखं असतं, आणि फुलं खालून वर उमलत जातात. त्यामुळे एका वेळी फुलांचं एक कडंच दिसतं, कमरेला झालर बांधल्यासारखं. कड्याच्या वर कळ्या, खाली उमलून गेलेली फुलं. म्हणजे एकाच कणसात तिन्ही अवस्था. तपासायला तुम्हाला रंग नको, वाटी हवी: पाकळ्यांच्या बुडाशी जो हिरवट पेला असतो तो, पुस्तकी नाव निदलपुंज.

जांभळ्याची वाटी दाट, मऊ केसांनी भरलेली असते. इतकी, की उमलायच्या आधी अख्खं कणीस राखाडी-रुपेरी दिसतं. पांढऱ्याची वाटी गुळगुळीत, तिच्यावरच्या उभ्या शिरा स्वच्छ मोजता येतात. केस असलेच तर वरच्या दातांच्या कडेला थोडेसे. कळ्यांच्या अवस्थेत पांढऱ्याच्या कणसातून छदांची (कळीच्या बुडाशी असलेल्या इवल्या पानांची) बारीक टोकं बाहेर डोकावतात, त्यामुळे ते जरा काटेरी, विस्कटलेलं दिसतं. जांभळ्याचं कणीस आटोपशीर, पेरूच्या लहान कळीवर लव असावी तसं.

आमच्या घरात याचं नामकरण झालंय: टकलं आणि केसाळ. टकलं ते पांढरं, केसाळ ते जांभळं. लॅटिन नावांपेक्षा हे जास्त टिकतं.

उमलण्याची वेळही मदत करते, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नका. आमच्या भागात पांढरं आठवडा-दोन आठवडे आधी येतं, जूनच्या शेवटी, आणि त्याचं कणीस लांबट होत जातं. जांभळं जुलैत भर घेतं. त्याचे परागकोश केशरी-पिवळे असतात, जांभळ्यावर केशरी म्हणजे पैठणीचा काठच. मधमाश्यांना आवडतं, मला तर फार.

सगळं तपकिरी झाल्यावर

सप्टेंबरच्या शेवटी बी गोळा करताना रंगही नसतो आणि बरीचशी पानं गळालेली असतात. इथे मी दोनदा चुकले. पहिल्या वर्षी किराण्याच्या दोन कागदी पिशव्या भरून आणल्या आणि दोन्हींवर "जांभळं" लिहिलं, कारण जुलैत त्या उतारावर जांभळंच बघितलेलं आठवत होतं. दुसऱ्या वर्षी पिशव्या वेगळ्या ठेवल्या, पण नावं उलटी पडली. दोन्ही वेळा त्याच शाळामास्तरीणबाईंनी वर्तमानपत्रावर एकेक कणीस चोळून दाखवलं आणि पुन्हा निवडायला बसवलं.

करायचं असं. प्रेअरी क्लोव्हरची शेंग इवलीशी, आत एकच बी, आणि ती शेंग वाळलेल्या वाटीतच अडकून राहते. म्हणजे कणीस चोळल्यावर हातात जे येतं ते नुसतं बी नाही, वाटीसकट बी. तीच जुलैतली वाटी, फक्त सुकलेली. केसाळ असेल तर जांभळं, आणि ढीग राखाडी, लवदार दिसतो. टकली असेल तर पांढरं, आणि ढीग गव्हाच्या कोंड्यासारखा स्वच्छ. पाच कणसं पाच वेगवेगळ्या झाडांवरून घेऊन बघा, एकावरून पिशवीचं नाव ठरवू नका. दोन्ही जाती एकाच उतारावर खांद्याला खांदा लावून वाढतात.

विकत आणलेलं बी मात्र बहुधा सोललेलं असतं. वाटी गेली की खूण गेली. तिथे पाकिटावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नाही, आणि दोन पाकिटं एकाच डब्यात ओतू नका.

वाळलेले दांडे हिवाळाभर उभे राहतात, ताठ आणि चिवट. मिसुरी नदीच्या खोऱ्यातले पॉनी लोक या दांड्यांचे झाडू बांधून घर झाडायचे, त्यांच्या भाषेतलं झाडाचं नावसुद्धा "झाडूचं झुडूप" अशाच अर्थाचं होतं. मेल्विन गिलमोर यांनी १९१९ साली हे नोंदवून ठेवलंय. पोंका लोक मूळ चघळायचे, चव गोड म्हणून. सासूबाईंनी जानेवारीत अंगणातले मूठभर दांडे बांधून बाल्कनीतला बर्फ झटकून बघितला. खराट्याची सर नाही, पण काम झालं.

पर्णिका फारच जास्त निघाल्या तर

घोस काढूनही पर्णिका अकराच्या पुढे जात असतील तर ते जांभळंही नाही आणि पांढरंही नाही. आता शक्यता बघायच्या, आणि त्या सगळ्या सारख्या नाहीत.

आमच्या भागात सर्वांत वारंवार फसवणारं झाड म्हणजे लेडप्लांट, अमॉर्फा कॅनेसेन्स. फूल जांभळं, परागकोश केशरी, फुलण्याची वेळही साधारण तीच. नवखा माणूस हमखास चकतो. पण हे झुडूप आहे, खालचा दांडा लाकूड झालेला असतो. पान राखाडी लवदार, पर्णिका तीस-चाळीससुद्धा, लहान अंडाकृती, एकमेकींना चिकटून बसलेल्या. शेंड्याला एकच कणीस नसतं, पाच-दहा कणसांचा गुच्छ असतो. आणि पुरावा हवा असेल तर एक फूल उकला: पाकळी एकच, केसर दहा. प्रेअरी क्लोव्हरमध्ये पाकळ्या पाच, केसर पाच. एकदा हे मोजलं की पुन्हा कधी चुकत नाही.

पडीक शेताच्या कडेला, दुसरं काही उगवत नाही अशा ठिकाणी, पांढुरकं-फिकट निळसर कणीस आणि भरपूर बारीक पर्णिकांचं झाड दिसलं तर ते डेलिया लेपोरिना असू शकतं. हे वर्षायू आहे, पान गुळगुळीत, केसर पाच नाहीत तर नऊ-दहा. कणीस कोल्ह्याच्या शेपटीसारखं मऊ.

रस्त्याकडेला लोळत पसरलेलं, गुलाबी-पांढऱ्या फुलांचं, भरपूर पर्णिकांचं काही दिसलं तर ते क्राउन व्हेच. बाहेरून आलेलं तण. त्याची फुलं कणसात नसतात, मुकुटासारख्या गोल झुपक्यात असतात. त्याचं काय करायचं ते विचारू नका, शनिवारी या आणि फावडं घ्या.

उरली ती खरी दुर्मीळ: डेलिया फोलिओसा, पानाळ प्रेअरी क्लोव्हर. पर्णिका वीस ते तीसच्या आसपास, सगळं झाड गुळगुळीत, लव नाही, दांडा लाकडी नाही, फूल फिकट जांभळं, केसर पाच. फुलतं उशिरा, जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत. जगात ते फक्त तीन राज्यांत उरलंय: टेनेसी, अलाबामा आणि आमचं इलिनॉय. दक्षिणेत ते चुनखडीच्या उघड्या कातळांमधल्या मोकळ्या जागांत वाढतं, आणि इलिनॉयमध्ये विल काउंटीत डे प्लेन्स नदीच्या खोऱ्यात, डोलोमाइट खडकावर मातीचा जेमतेम थर असतो तिथे. १९९१ साली ते केंद्र सरकारच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत गेलं.

यावरून ओळखीची एक सोपी कसोटी निघते, ती म्हणजे जमीन. नेपरव्हिलच्या घराभोवतीची काळी, खोल, पाणी दिलेली माती ही फोलिओसाची जागाच नाही. तुमच्या अंगणात ते आपोआप उगवलेलं असण्याची शक्यता शून्याच्या जवळ आहे. (मला हे तेरा पर्णिका मोजल्यावर कळलं असतं तर बरं झालं असतं.) लॉकपोर्ट प्रेअरीसारख्या डोलोमाइटच्या पट्ट्यात दिसलं तर वाट सोडू नका, पान तोडू नका, बी तर नाहीच नाही. दुरून फोटो घ्या आणि त्या राखीव क्षेत्राची देखभाल करणाऱ्यांना कळवा. नेमकी जागा चारचौघांत सांगू नका. कास पठारावर काय होतं ते आपण पाहिलंय: फूल प्रसिद्ध झालं की पायाखाली पहिलं तेच येतं.

फोलिओसाला एवढं जपायचं कारण गणितात आहे. इलिनॉयला प्रेअरीचं राज्य म्हणतात, एके काळी इथे सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. अस्सल, न नांगरलेली, चांगल्या दर्जाची आज अडीच हजार एकरांच्या आसपास. बाकी जे तुम्ही बघता ते बहुतेक माणसांनी पुन्हा पेरलेलं आहे. बटाव्हियातल्या फर्मिलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या आवारातली प्रेअरीसुद्धा, १९७५ पासून. फर्मिलॅबला मुलांना घेऊन गेलात तर कणांच्या यंत्राइतकाच वेळ त्या गवताला द्या.

रंग कधी दगा देतो

आता रंगाकडे. जांभळ्या प्रेअरी क्लोव्हरला क्वचित पांढरी फुलं येतात. शेवयांसारखी पानं, केसाळ वाटी, आणि वर पांढरी झालर. ते पांढरं प्रेअरी क्लोव्हर नव्हे, जांभळ्याचंच पांढरं रूप. उलट जांभळ्या फुलांचं पांढरं मी बघितलेलं नाही. त्यामुळे फूल जांभळं असेल तर "पांढरं नाही" एवढं म्हणता येतं, पण फूल पांढरं असेल तर वाटी बघितल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही.

दुसरं, पश्चिमेकडे गेलात की पांढऱ्याची व्याख्या सैल होते. डकोटा, कोलोराडो या बाजूला जे रूप भेटतं त्याचं कणीस विरळ असतं, फुलांच्या मधून आतली दांडी दिसते, आणि पर्णिकाही कमी. काही तज्ज्ञ त्याला डेलिया ऑक्सिडेंटालिस म्हणून वेगळी जात मानतात, काही कँडिडाचाच प्रकार. माझं मत विचाराल तर अंगणापुरता हा वाद सोडून द्या, पण बी कुठल्या राज्यातलं आहे ते विकत घेताना विचारा. तिकडचं बी इकडे लावून मग "हे पुस्तकासारखं का नाही" असं विचारण्यात अर्थ नाही.

माझी मावसबहीण डॅलसला असते. तिचा प्रश्न असा, की पांढरी फुलं आहेत पण कणीस लांब नाही, गोट्यांसारखं गोल आहे आणि एका झाडावर पुष्कळ आहेत. ते डेलिया मल्टिफ्लोरा, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास पट्ट्यातलं. तिकडे पिवळ्या फुलांचं डेलिया ऑरियाही आहे, आणि नऊ केसरांचं डेलिया एनिअँड्रा, ज्याचं नावच "नऊ नर" असं आहे. टेक्सासात पर्याय इतके आहेत की माझी वरची युक्ती अपुरी पडते, तिथलं स्थानिक पुस्तक घ्या.

आणि विस्कॉन्सिन, मिनेसोटा, नेब्रास्का इथल्या वाळूत, अख्खं झाड रेशमी रुपेरी लवेने भरलेलं, पर्णिका दहा-बारापासून वीसपर्यंत, फूल फिकट गुलाबी, तर ते डेलिया व्हिलोसा. लेडप्लांटशी गल्लत होते, पण याचा दांडा लाकडी नसतो आणि केसर पाचच. पायाखाली वाळू नसेल तर व्हिलोसाचा विचारही करू नका.

फोनमधलं ॲप "जांभळं" म्हणतंय, मग?

ॲपला तुम्ही काय दाखवता यावर सगळं आहे. लोक फुलाचा वरून एक सुंदर फोटो काढतात, आणि त्यात ओळखीची एकही खूण नसते. मला कुणी फोटो पाठवला की मी चार मागते: उभं अख्खं झाड, दांड्याच्या मधलं एक पान तळहातावर पसरून (घोस काढून, आणि शेजारी नाणं ठेवून), कणीस बाजूने, आणि वाटीचा फोटो भिंगातून. शेवटचा लोकांना जमत नाही असं वाटतं, पण भिंग फोनच्या कॅमेऱ्याला चिकटवलं की जमतो. पहिल्या तीन प्रयत्नांत अंधुक येईल, हात कणसाखाली टेकवा. आणि वारा असेल तर तो थांबेपर्यंत श्वास धरून उभं राहायची तयारी ठेवा.

पाचवी गोष्ट फोटोत मावत नाही, ती लिहून पाठवा: जमीन कशी आहे. वाळू, काळी माती, की खडकावरची पापुद्र्यासारखी माती.

पहिल्या वर्षाची रोपं

इथे मी हात टेकते. बी रुजल्यावर आधी साधी पानं, मग तीन पर्णिकांची, आणि या काळात जांभळं, पांढरं आणि अर्धी तणं सारखीच दिसतात. पहिल्या उन्हाळ्यात रोप वर चार-पाच इंच आणि जमिनीत त्याहून कितीतरी जास्त खोल असतं, सगळी ताकद मुळात. या वेळी ओळखायचा हट्ट धरून पान तोडाल तर रोप मागे पडतं. दुसऱ्या वर्षाच्या जूनपर्यंत थांबा, मग मधलं पान मोजा.

तोवर उपाय एकच, पेरतानाच खूण करायची. प्लॅस्टिकच्या पाट्यांवरची शाई उन्हाने उडते. आम्ही आता कुल्फीच्या लाकडी काड्या पेन्सिलने लिहून अर्ध्याहून जास्त आत खुपसतो, पेन्सिल पुसली जात नाही. यंदाच्या काड्या सासूबाईंनी लिहिल्यात. डावीकडच्या रांगेत "टकलं", उजवीकडे "केसाळ". पलीकडचे शेजारी मागच्या रविवारी कुंपणाशी उभे राहून त्या काड्यांकडे बराच वेळ बघत होते, शेवटी त्यांनी विचारलं की ही कुठल्या जातीची नावं आहेत, त्यांच्या पुस्तकात सापडत नाहीत.